आपला चोर आपणच शोधावा

नागपुरात गाडी चोरीला गेली की ती बातमी सगळ्यात आधी घरी सांगू नये. सांगितली की तपास तिथंच सुरू होतो आणि पहिला संशयित तुम्हीच ठरता. हॅण्डल लॉक केलं होतं का? तिथं कशाले लावली? संगं कोण होतं? या चौकशीला वकील मिळत नाही आणि जामीनही नाही. म्हणून आधी त्याच गल्लीत दोन चकरा माराव्यात, आपणच शेजारच्या गल्लीत लावून विसरलो नाही ना हे पाहावं, आणि मग ठाण्याकडे निघावं.

ही पुस्तिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांची दुसरी-तिसरी चोरी आहे त्यांना यातलं सगळं ठाऊक असतं. ठाण्याच्या बाकावर बसून ते नवख्यांना फुकट शिकवतातही. माझी पात्रता विचाराल तर एक अ‍ॅक्टिव्हा, दोन मोबाईल आणि एक पाण्याची मोटर. अ‍ॅक्टिव्हा परत मिळाली. मोटर कोणी नेली हे मला माहीत आहे, पण ते नातेवाईक आहेत.

सगळा अभ्यासक्रम एका रकान्याचा आहे. एफआयआरच्या छापील नमुन्यात आरोपीचं नाव, बापाचं नाव, पत्ता लिहायची जागा असते. आपल्यासारख्यांच्या कागदावर तिथं 'अज्ञात इसम' एवढंच येतं. तो रकाना भरणं हे पोलिसांचं काम, असं आपण शाळेत शिकलो. ठाण्यात मात्र निघताना अंमलदार आपल्याच खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "तुमाले काही समजलं त सांगजा." या वाक्याला कामाची वाटणी म्हणतात. तिथून पुढं ही पुस्तिका उघडावी.

पूर्वतयारी

चोरी कधी होऊ द्यावी यालाही मुहूर्त आहे. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथं भरतं, तेव्हा टाळावी. गावातले आणि बाहेरगावाहून आणलेले पोलीस मोर्च्यांच्या आणि मंत्र्यांच्या बंदोबस्तात असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीला, गणपती विसर्जनाला आणि जामठ्याला क्रिकेटची मॅच असेल त्या दिवशीही नको. उरलेल्या दिवसांत साहेब 'राउंडवर' असतात, पण राउंडवरून माणूस परत येतो अशी निदान आशा असते.

गृहखातं आपल्याच गावाकडं आहे, याचा काही फायदा होईल असं नवशिक्यांना वाटतं. २०१४ ते २०१९ ते नागपूरच्या देवेंद्र फडणवीसांकडे होतं, २०२०-२१ मध्ये काटोलच्या अनिल देशमुखांकडे, २०२२ पासून पुन्हा फडणवीसांकडे. पण घरच्या लग्नात घरचे लोक कोणत्या पंगतीला बसतात, ते आठवावं.

कागद मात्र आजच काढून ठेवा. गाडीचं आरसी, विम्याचा कागद आणि दुसरी चावी. विमा कंपनी पुढं दोन्ही चाव्या मागते आणि त्यातली एक आपण चार वर्षांपूर्वी हरवलेली असते. मोबाईलचा डबा भंगारवाल्याला देऊ नये. त्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो. डबा नसेल तर फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो क्रमांक दिसतो. ही युक्ती बहुतेकांना मोबाईल गेल्यावर कळते.

पाठ पहिला: शब्द

ठाण्यात शिरताना मनात एकच शब्द घोळवत शिरायचं: चोरी. 'हरवला' हा शब्द चुकूनही तोंडून जाता कामा नये. संवाद साधारण असा होतो.

"काय झालं?"

"मोबाईल चोरीला गेला. बर्डीवर, गर्दीत."

"नेतानी पायलं का कोनाले?"

"नाही, पण खिशातून…"

"मंग चोरी कशावरून? पडला असन. गहाळ लिहून देतो, आत्ता कागद भेटते, सिम भेटते. चोरीत पडले त कोर्टाच्या चकरा माराव्या लागतीन भाऊ. कामून डोक्याले ताप?"

बोलणं मायेचं असतं, आणि तुम्ही हो म्हणायच्या बेतात येता. गहाळची नोंद ऑनलाइनही होते, कागद मिळतो, सिम सुरू होतं, ठाण्याच्या हद्दीतला चोऱ्यांचा आकडाही जागचा हलत नाही. सगळे खूश. फक्त त्या क्षणापासून तुमच्या मोबाईलला चोर उरत नाही. जो माणूस कागदावर नाहीच, त्याला कोण शोधणार?

अंमलदाराला खलनायक समजू नये. तो रात्रपाळी करून आलेला असतो, त्याच्यापुढं नवरा-बायकोचं एक भांडण आणि दारूतली एक डोकेफोड आधीच उभी असते. गुन्हा नोंदवला की त्याच्या तपासाची डायरी त्यालाच नाहीतर शेजारच्या टेबलाला लिहायची असते. त्याच्या जागी मी असतो तर मीही गहाळच लिहिलं असतं. पण मी त्याच्या जागी नव्हतो, आणि माझा फोन नवीन होता.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिताकुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तर आणखी पुढं जातं. हद्द कोणतीही असो, खबर घ्यावीच लागते. ऑनलाइन कळवली तर तीन दिवसांत येऊन सही करायची. प्रत फुकट मिळते. खबर घेतली नाही तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी कळवता येतं, आणि तिथंही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. हद्दीचा मुद्दा नागपूरकरांनी नीट समजून घ्यावा, कारण आपल्याकडं रस्त्याच्या या कडेला एक ठाणं असतं आणि दुभाजकापलीकडं दुसरं. गाडी नेमकी दुभाजकाला लागून लावली असेल, तर देवच वाली होता. आता निदान कलम १७३ आहे.

मात्र कलमाचा नंबर मोठ्यानं म्हणू नये. "वकील आहात का?" हा प्रश्न येतो आणि खुर्ची काढून घेतली जाते. कलम कागदावर लिहून खिशात ठेवावं. खिशातल्या कागदानं आवाजात आपोआप थोडा जोर येतो.

एक खड्डा आहे, तो पाहून पाय टाका. चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांखाली असेल तर नव्या संहितेत ती चोरी अदखलपात्र ठरते. अदखलपात्र म्हणजे एनसी, आणि एनसी म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास नाही. चोर पहिल्यांदाच सापडला आणि त्यानं माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. तेव्हा 'जुनाच होता हो, तीन-चार हजाराचा' असा विनय ठाण्यात दाखवू नये. लग्नात आहेर सांगताना आपण किंमत चढवून सांगतो, इथं खरी सांगितली तरी पुरे.

पाठ दुसरा: क्यामेरा

शहरात सरकारनं सेफ अँड स्मार्ट सिटी प्रकल्पात साडेतीन हजारांवर क्यामेरे बसवले. चौकाचौकात ते मान खाली घालून उभे आहेत. त्यांचं चित्रण पोलिसांच्या नियंत्रण कक्षात जातं, तुम्हाला मिळत नाही. हेल्मेट नसलेलं डोकं त्यांना लगेच दिसतं. तुमची गाडी घेऊन जाणाऱ्याच्याही डोक्यावर हेल्मेट नसेल, तर दोन दिवसांत तुमच्या नावावर चलान येतं. हा सर्वोत्तम पुरावा. चलानावर चौकाचं नाव, तारीख, वेळ आणि बऱ्याचदा चोराचा फोटोही असतो. सरकारनं चोराचा फोटो काढून, त्याचा दंड तुमच्याकडून मागून, तुम्हाला तो घरपोच दिलेला असतो. नवशिके चलान पाहून चिडतात. अनुभवी माणूस ते फ्रेम करतो.

चलान येईपर्यंत दुकानांचे क्यामेरे पाहायचे. घटनास्थळावर उभं राहून डोळे दुकानांच्या कपाळाकडं वळवा. मेडिकल, मोबाईल रिचार्जवाला, डेली नीड्स, दवाखाना. प्रत्येक क्यामेरा बाहेर पाहत नसतो. निम्मे मालकाच्याच गल्ल्यावर रोखलेले असतात, कारण मालकाचा संशय बाहेरच्यांवर कमी आणि नोकरावर जास्त असतो. उरलेल्यांपैकी एखाद्याची वायर माकडांनी ओढलेली असते. एक असतो तो नुसताच डबा, भीती दाखवायला लावलेला. त्याच्या मालकाला तुम्ही विचारायला गेलात तर तो लाजतो.

जो चालू असतो त्याचं रेकॉर्डिंग हप्ता-पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून पहिल्याच दिवशी जावं. आणि रिकाम्या हातानं जाऊ नये. 'फुटेज द्या' म्हणत गेलात तर दुकानदार म्हणेल, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतील, फुटेज असेल तर पत्र देतो. हा गोफ सोडवण्यासाठी आधी त्या दुकानात काहीतरी विकत घ्यावं. माझ्या एका गाडीपायी घरात तीन कंगवे, पाव किलो धने आणि खोकल्याच्या दोन बाटल्या आल्या.

मग पासवर्ड. पासवर्ड मालकाच्या मुलाला माहीत असतो आणि मुलगा पुण्यात असतो. त्याला फोन लावून, त्याची झोप मोडून, मशीन उघडलं की कळतं, घड्याळ चुकीचं आहे. पडद्यावर २०१७ सालची तारीख आणि पहाटेची वेळ असते, बाहेर तर भर दुपार आहे. घाबरू नका. आत्ता क्यामेऱ्यापुढं हात हलवा, पडद्यावरची वेळ लिहून घ्या आणि खऱ्या वेळेपासूनचा फरक काढा. चौथीतली वजाबाकी आयुष्यात उपयोगी पडते ती इथं. तो फरकही कागदावर नोंदवा. पुढं पोलिसांना सांगावा लागतो.

शेवटी तो दिसतो. तुमची गाडी, तिच्यावर एक पाठ, पाठीवर एक बॅग. चेहरा नाही. चेहऱ्यावर दुपट्टा. नागपूरच्या उन्हात मे महिन्यात चेहऱ्यावर दुपट्टा न बांधलेला माणूसच खरं तर संशयित धरायला हवा. तरी हताश होऊ नका. चेहरा बदलतो, पण बसण्याची ढब, पाय टाकण्याची तऱ्हा, डाव्या आरशाला लटकलेलं तुमच्याच मुलीचं कीचेन, हे बदलत नाही. ते फुटेज आपल्या मोबाईलनं चित्रित करून घ्या आणि मूळ प्रत पोलिसांनीच ताब्यात घ्यावी असं त्यांना लेखी द्या. न्यायालयात तुमच्या हललेल्या चित्रीकरणाची किंमत शून्याच्या आसपास असते.

पाठ तिसरा: पानठेला

बाबुराव अर्नाळकरांचे धनंजय आणि झुंजार ज्या पिढीनं वाचले, ती पिढी अजून बोटांचे ठसे आणि सिगारेटचं थोटूक शोधते. नागपुरात थोटूक शोधायला नको, थोटकाचा मालक पानठेल्यावर उभाच असतो. आपल्याकडं बातमी क्यामेऱ्यात राहत नाही, ठेल्यावर राहते. खर्रा घोटायला तीन-चार मिनिटं लागतात. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून तो माणूस हातानं घासत असतो आणि तेवढा वेळ गिऱ्हाईक बोलत असतं. ही शहराची खरी स्टेशन डायरी. सरकारनं तंबाखूमिश्रित मालावर बंदी घातली आहे हे मला माहीत आहे. मीही फक्त माहितीच घेतो.

ठेल्यावर थेट प्रश्न विचारू नये. "माझी गाडी कोणी नेली?" म्हणालात तर ठेला गप्प होतो. "या गल्लीत आजकाल बाहेरचे पोट्टे लय येऊन राह्यले," असं हवेत सोडावं आणि रस्त्याकडं पाहत राहावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. तिसऱ्या दिवशी ठेलेवालाच म्हणतो, "तुमची कोनत्या रंगाची होती?"

इथं एक जुनी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ साली देशावरच्या मुलखाचा अहवाल कलकत्त्याला पाठवला. त्यात गावातल्या चोरीच्या तपासाची पद्धत लिहिली आहे. चोरी झाली की गावच्या जागल्यानं पावलांचा माग काढायचा. माग शिवेपलीकडं गेला की पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा, मग त्यानं पुढं न्यायचा. ज्या गावात माग विरला, त्या गावानं चोर द्यायचा, नाहीतर नुकसान भरायचं. हद्दीचा वाद तेव्हाही होताच. फरक इतकाच की हद्द संपली म्हणून जबाबदारी संपत नव्हती, उलट पुढच्याच्या गळ्यात पडत होती. याज्ञवल्क्य स्मृती तर सरळ राजालाच सांगते की चोरीला गेलेला माल प्रजेला राजानं भरून द्यावा. ही गोष्ट मी अंमलदाराला सांगून पाहिली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "विमा आहे ना?"

पाठ चौथा: नकाशावरचा गोल

मोबाईल गेला असेल तर दुसऱ्या फोनवरून त्याचं लोकेशन पाहता येतं. नवशिक्यांचा सगळ्यात आनंदाचा क्षण हाच. नकाशावर ठिपका लुकलुकतो. ठिपक्याभोवती फिकट निळा गोल असतो. त्याकडं आनंदात कोणी लक्ष देत नाही. ठिपका म्हणजे अंदाज, गोल म्हणजे खरं उत्तर. तुमचा फोन या गोलात कुठंतरी आहे, आणि गोलात दाट वस्तीतली चाळीस घरं, दोन मजली इमारती, एक मंगल कार्यालय आणि एक आटाचक्की आहे. चाळीस घरांचे दरवाजे वाजवत 'माझा फोन आहे का' असं विचारत गेलात तर एकोणचाळीस घरं तुम्हाला चोर समजतील. चाळिसावं समजणार नाही, ते दारच उघडणार नाही.

गोल सरकायला लागला तर तो रेल्वेत बसला. आपण झिरो माइलचे लोक. देशाच्या मध्यावर राहण्याचा मान आपल्याला, आणि सोय चोराला. उत्तरेला इटारसी, पूर्वेला गोंदिया. खाली निघाला असेल तर वर्ध्या-सेवाग्रामपर्यंत कळत नाही. तिथून गोल बडनेऱ्याकडं वळला की मुंबई, बल्लारशाकडं वळला की दक्षिण. मी एकदा रात्री अडीचपर्यंत हा खेळ पाहत बसलो होतो. माझा फोन आमल्याच्या घाटात बंद झाला, तेव्हा नातं तुटल्यासारखं वाटलं.

बंद झालेल्या फोनसाठी सरकारचं संचार साथी संकेतस्थळ आहे, २०२३ च्या मे महिन्यापासून देशभर खुलं. तिथं पोलिसांच्या कागदासह आयएमईआय नोंदवला की फोन ब्लॉक होतो, आणि कोणी त्यात नवं सिम घातलं तर त्याची खबर लागते. या वाटेनं सापडलेले मोबाईल पोलीस अधूनमधून कार्यक्रम करून मालकांना परत देतात. त्यातला मालक हसत असतो, अधिकारी हसत असतो आणि फोनचा स्क्रीनगार्ड मात्र नवीन असतो. मधल्या मालकानं टाकलेला.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर हा सगळा पाठ सोडा आणि सायबर हेल्पलाइनचा १९३० फिरवा. लगेच, चहाही न घेता. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतो, वाटेत अडवला तरच हाती लागतो. चोर कुठं बसलाय हे शोधायच्या नादात नवशिके पहिला तास घालवतात. तो बसलेला असतो हजार किलोमीटरवर, आणि तुमच्या गल्लीतल्या पानठेल्याची त्याला ओळख नाही.

पाठ पाचवा: हात कुठवर घालावा

चोर डोळ्यांपुढं सापडला तर सामान्य नागरिकालाही पकडता येतो. नव्या संहितेच्या कलम ४० मध्ये ते आहे, जुन्या कायद्यातही होतं. अटी वाचा: गुन्हा तुमच्यादेखत घडलेला हवा, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, आणि पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायला हवं. म्हणजे चोरी करताना पकडलात तर ठीक. तोच माणूस आठवड्यानं तुमच्याच गाडीवर फुटाळा तलावावर भुट्टा खाताना दिसला, तर गुन्हा तुमच्यादेखत घडला नाही. तुमच्यादेखत फक्त भुट्टा खाल्ला जातोय. अशा वेळी पोलिसांना ११२ लावायचं, फोटो काढायचा, आणि दुसरा भुट्टा घेऊन शेजारी बसायचं.

हात उचलू नये. एक थापड मारलीत की तुमच्याविरुद्धही तक्रार होते, आणि तिच्यात आरोपीचा रकाना ताबडतोब भरतो. तुमचं नाव, बापाचं नाव, पत्ता, सगळं ठाण्यात आधीच लिहून ठेवलेलं असतं, तुम्हीच दिलेलं.

आणखी दोन मोह आहेत. एक, कोणीतरी म्हणतो, 'नंबर द्या, कॉल डिटेल काढून देतो.' ते पोलिसांनाच रीतसर मिळतात. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांनाच अटक केली होती. दोन, एखादा मध्यस्थ येतो: पाच हजार द्या, उद्या सकाळी गाडी त्याच जागेवर उभी दिसेल. चोराला पकडून न देता नुसता माल मिळवून देण्याचे पैसे घेणं हा वेगळा गुन्हा आहे. हे मध्यस्थाला सांगू नये, नाहीतर तो सात मागतो.

पाठ सहावा: सापडल्यावर

समजा नशीब निघालं. तुम्ही पत्ता दिला, गुन्हे शोध (डीबी) पथकातले दोघं साध्या कपड्यांत आले, गाडी मिळाली. तुम्ही चावी घेऊन धावलात. थांबा. ती आता तुमची गाडी नाही, मुद्देमाल आहे. ती ठाण्याच्या आवारात जाईल आणि न्यायालयाचा आदेश होऊन सुपूर्दनाम्यावर तुमच्या हाती येईल. त्यासाठी अर्ज, वकील, आरसीची प्रत, पोलिसांचा अहवाल, बंधपत्र. गाडी विकू नका, रंग बदलू नका, बोलावलं की न्यायालयात घेऊन या, असंही त्यात असतं. चोरानं रंग बदलला होता, नंबरप्लेट बदलली होती. तुम्ही मात्र बदलायची नाही.

कोणत्याही ठाण्याच्या मागं जाऊन पाहा. कडुनिंबाखाली गाड्यांचा ढीग असतो, एकीवर दुसरी, चाकांतून गवत आलेलं, सीटच्या फोममध्ये चिमण्यांचं घरटं. यातल्या कितीतरी चोरांकडून सुटलेल्या आहेत. माझी अ‍ॅक्टिव्हा तिथं साडेतीन महिने होती. चोराकडं अकरा दिवस. डावा आरसा चोराकडून परत आला तेव्हा शाबूत होता.

रकाना

पुढचं लिहिताना थट्टा जमत नाही, म्हणून त्याला पाठाचा क्रमांक दिलेला नाही.

इथवरचा सगळा अभ्यास अज्ञात इसमाचं नाव शोधण्याचा होता. याच शहरात एका वस्तीला हा अभ्यास करावाच लागला नाही. उत्तर नागपुरातल्या कस्तुरबानगरात नाव सगळ्यांना पाठ होतं: भरत कालीचरण यादव, ऊर्फ अक्कू. तो त्याच वस्तीतला. क्यामेरे तपासायची गरज नव्हती, माग काढायची गरज नव्हती, ठेल्यावर उभं राहायची गरज नव्हती. खंडणी, मारहाण, घरांत शिरून बायका-मुलींवर बलात्कार, हे दहा वर्षांहून जास्त चाललं. त्याला अटक व्हायची, तो सुटून यायचा. ठाण्यात कोणी तक्रार दिली की ती कोणी दिली हे त्याच्यापर्यंत पोचायचं, असं वस्तीतल्या लोकांनी पुढं जगाला सांगितलं. त्या बायकांनी रकान्यात लिहायचं सगळं पुरवलं होतं, फक्त तो कागदच कोणी पुढं नेत नव्हतं.

वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी, उषा नारायणे, तक्रार देऊन मागं हटली नाही. तिच्या घराला अक्कूच्या माणसांचा वेढा पडला तेव्हा तिनं गॅसचं सिलिंडर उघडलं आणि काडी ओढीन म्हणाली. तिथून वस्तीची भीती ओसरली. २००४ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी अक्कूचं घर पाडलं, आणि तो पोलिसांच्या ताब्यात गेला. १३ ऑगस्टला त्याला जिल्हा न्यायालयात आणलं. तो पुन्हा सुटणार अशी बातमी वस्तीत पोचली होती. दुपारी न्यायालयाची खोली बायकांनी भरली. पदराखाली मिरचीपूड होती, भाजी चिरायच्या सुऱ्या होत्या. काही मिनिटांत तो मेला.

त्यावर २०२१ मध्ये हिंदी चित्रपट आला, २०२२ मध्ये ओटीटीवर मालिका आली. दोन्हीकडं ती दुपार मोठी आहे. मला त्या दुपारपेक्षा आधीची दहा वर्षं जास्त वेळ दिसत राहतात. एखादी बाई ठाण्यात गेली असेल, बाकावर बसली असेल, 'साहेब राउंडवर आहेत' ऐकलं असेल. मी माझ्या गाडीसाठी ज्या बाकावर बसून विनोद जमवले, तसल्याच बाकावर. माझ्या चोराला माझा पत्ता माहीत नव्हता. तिच्या आरोपीला तिचं दार माहीत होतं, आणि ती तक्रार देऊन घरी पोचायच्या आत त्याला कळत होतं.

खुनाचाही एफआयआर झाला. या वेळी अज्ञात इसम लिहायची वेळ नव्हती. वस्तीतल्या बायका आपण होऊन म्हणत होत्या, आम्हा सगळ्यांना धरा. अटका झाल्या, उषा नारायणेही त्यांत होत्या. दहा वर्षं खटला चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. भर दिवसा, न्यायालयाच्या खोलीत, शेकडो माणसांपुढं झालेल्या त्या खुनाच्या कागदावर मारणाऱ्याचं नाव कोणाचंच सिद्ध झालं नाही.